बहिणीचा रकाना : दक्षिण सोलापुरातल्या एका पुनर्वसन कार्यक्रमाचं प्रकरण

नोंदवहीत त्या मुलीच्या नावापुढे दोन वर्षांत ६१ भेटी होत्या. शेवटचा रकाना ‘प्रगती’चा. पहिल्या पानावर त्यात ‘समाधानकारक’ असं पूर्ण लिहिलेलं, पुढे नुसतंच ‘समा.’, आणि त्याच्याही पुढे पानंच्या पानं ‘वरीलप्रमाणे’च्या खुणा. दर तिमाहीला त्या पानांखाली सही होती ती माझी, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे लिहिलंय त्यात कार्यकर्तीला दोष देण्याचा सूर कुठे वाटला, तर तो माझ्याकडेही वळवून वाचावा.

गाव अक्कलकोट रस्त्यावरचं, दक्षिण सोलापूर तालुक्यातलं. घरात कन्नड, शाळेत मराठी. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर, आई विड्या वळते. मुलगी नऊ वर्षांची. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नाही, त्यातही परिणाम पायांवर जास्त. उभं केलं की दोन्ही पाय कैचीसारखे एकमेकांवर चढतात, टाचा जमिनीला टेकत नाहीत. हात बरे चालतात. बोलणं थोडं ओढत, पण सवयीच्या माणसाला सगळं कळतं. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर ७५ टक्के. धाकटी बहीण सात वर्षांची, तिला काही नाही. ही धाकटी लक्षात ठेवा.

आमचा कार्यक्रम समाजाधारित पुनर्वसनाचा, सगळे ‘सीबीआर’ म्हणतात तो. प्राथमिक आरोग्यसेवेबद्दलच्या १९७८च्या अल्मा-आता जाहीरनाम्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने ही कल्पना उचलून धरली. शहरातल्या दवाखान्यापर्यंत सगळे पोचणार नाहीत, तेव्हा जमेल तेवढं पुनर्वसन घरात, गल्लीत, गावातल्याच माणसांच्या हातून व्हावं, हे तिचं मूळ. २०१०मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि त्यांच्यासोबत तो प्रसिद्ध तक्ता : आरोग्य, शिक्षण, उपजीविका, सामाजिक जीवन आणि सक्षमीकरण असे पाच खांब, प्रत्येकाखाली पाच घटक, एकूण २५ चौकोन. तक्ता चांगलाच आहे. पण प्रस्ताव लिहिताना आम्ही सगळ्या २५ चौकोनांत काही ना काही भरलं, कारण रिकामा चौकोन वाईट दिसतो. प्रत्यक्षात तीन कार्यकर्त्या, एक स्कूटी आणि बाकी एसटी. ६१च्या ६१ भेटी आरोग्याच्या खांबाखालीच, त्याही व्यायामाच्या एकाच चौकोनात झाल्या होत्या.

आराखड्यातलं वाक्य असं होतं : ‘घरभेटींद्वारे बालकाच्या कार्यक्षमतेत सुधारणा.’ निर्देशक : घरभेटींची संख्या. पडताळणीचं साधन : भेट नोंदवही. कागदावर हे अगदी जुळतं. बारकाईने पाहिलं तर त्यात मुलीबद्दल एकही मोजमाप नाही, सगळं कार्यकर्तीच्या चपलांबद्दल आहे.

अकरा वाजता

मी कार्यकर्तीबरोबर गेले तो दिवस मंगळवार होता. आम्ही पोचलो अकराला. घरी अज्जी आणि मुलगी. आई विड्यांचा हिशोब द्यायला आणि नवं पान-तंबाखू आणायला कारखान्याच्या ब्रँचवर गेलेली. ती रोज याच वेळी जाते, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणजे दोन वर्षं आम्ही व्यायाम शिकवत होतो अज्जीला, आणि अज्जीच्या हातात संधिवातानंतर जेवढा जोर उरलाय तेवढाच व्यायाम होत होता. भेटीची वेळ कोणी ठरवली होती? एसटीच्या वेळापत्रकाने.

मुलगी ओट्यावर भिंतीला टेकून बसलेली. कार्यकर्तीने पोटरीखाली हात घातला, टाच तळहातात धरली, पाऊल हळूहळू वर दाबलं आणि तीस आकडे मोजले. मुलगी तिच्याबरोबर मोजत होती, मराठीत, एकोणतीसला थांबून मुद्दाम गंमत करत. मग मांडीमागची शीर. मग सोलापुरी चादर घट्ट गुंडाळून, त्या गुंडाळीवर घोड्यासारखं दोन्हीकडे पाय टाकून बसवलं, म्हणजे पाय फाकलेले राहतात. काम नीट होतं. पाऊल जवळजवळ काटकोनात येत होतं. घोटा आखडलेल्या अशाच मुली मी पाहिल्यात, त्यांना नंतर बूटही घालता येत नाही. तेव्हा ‘समाधानकारक’ हे खोटं नव्हतं. घोट्यापुरतं खरं होतं.

कोपऱ्यात एक चाकांची खुर्ची होती. शिबिरातून मिळालेली, मोठ्या माणसाची, बसायची रुंदी १८ इंच. तिच्यावर ज्वारीचं अर्धं पोतं. उंदरांपासून वर राहतं, असं अज्जीचं म्हणणं. नोंदवहीत या खुर्चीची नोंद ‘साहित्य वाटप : १’ अशी होती.

‘तोंदरे’चा घोळ

पुढच्या आठवड्यात आम्ही नव्याने पूर्वपाहणी करायची ठरवली. आमच्याकडे वॉशिंग्टन ग्रुपचे, म्हणजे दिव्यांगत्व कसं मोजायचं हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचे, सहा प्रश्न होते : दिसणं, ऐकणं, चालणं किंवा जिने चढणं, लक्षात ठेवणं, स्वतःची कामं, बोलणं-समजणं. प्रत्येकाला चार उत्तरं, ‘अजिबात अडचण नाही’पासून ‘करताच येत नाही’पर्यंत. सोपे प्रश्न, जगभर वापरतात. यावेळी आई घरी मिळावी म्हणून संध्याकाळी गेलो. सूप मांडीवर, एक हात पानावर, एक कात्रीवर, आणि उत्तरं देताना हात थांबत नव्हते.

कार्यकर्तीने कन्नडमध्ये विचारलं, चालताना हिला तोंदरे आहे का? आईने मान हलवली, नाही. ‘अडचण नाही’वर खूण होणार, तेवढ्यात मी म्हटलं, थांब, पुन्हा विचार. आई वैतागून मराठीत म्हणाली, “अक्का, ती चालतच न्हाई, मग तरास कुठला? आमाला बी तिचा काय तरास न्हाई.”

‘तोंदरे’ म्हणजे अडचणही आणि त्रासही. मराठीत आम्ही सर्रास ‘त्रास होतो का’ म्हणतो, तिथेही हाच खड्डा आहे. आईने ऐकला तो प्रश्न असा : ही पोर तुम्हाला जड झालीय का? त्याला कुठली आई हो म्हणेल? मग शब्द बदलले. ‘इथून मारुतीच्या देवळापर्यंत एकटी जाते का? धरून जाते का? उचलून न्यावं लागतं का?’ असं विचारलं की उत्तर चटकन येतं. आणि खरं तर नऊ वर्षांच्या मुलीला ते सहा प्रश्न लावायचेच नव्हते. लहान मुलांसाठी युनिसेफ आणि वॉशिंग्टन ग्रुपने मिळून वेगळी प्रश्नावली केली आहे, २०१६ची, दोन ते चार आणि पाच ते सतरा अशा दोन वयोगटांची. तिच्यातल्या चालण्याच्या एका प्रश्नाची सुरुवातच ‘याच वयाच्या इतर मुलांच्या तुलनेत’ अशी आहे. पुढे सगळं प्रकरण या चार-पाच शब्दांभोवतीच फिरलं.

त्याआधी टक्केवारीचं सांगते. आमच्या एका कार्यकर्तीने फार मेहनतीने प्रगतीचा तक्ता केला होता, आणि त्यात मोजमाप म्हणून प्रमाणपत्रावरचे टक्के घेतले होते. गेल्या वर्षी ७५, यंदा ७५, प्रगती शून्य. प्रमाणपत्रातले टक्के शरीराच्या दोषाचे असतात, जगण्याचे नव्हे. ते हक्कासाठी लागतात : २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, आणि बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्क्यांची अट आहे. पण याच्यातून एक भलतीच गोष्ट घडते. ‘पोरगी सुधारली’ असं आम्ही लिहिलं, तर टक्के कमी होतील आणि संजय गांधी निराधारचे पैसे बंद पडतील, ही भीती घराघरात आहे. अज्जीने मला बाजूला घेऊन हेच विचारलं होतं : “चांगलं झालंय असं जास्त लिहू नका, काय?” आमचा सगळा अहवाल ज्या शब्दावर उभा, त्याच शब्दाला घर घाबरतं. आम्ही आमची वही आणि प्रमाणपत्र यांचा संबंध नाही हे घरोघरी सांगितलं. किती पटलं, देव जाणे.

दोन रकाने

जागतिक आरोग्य संघटनेची सीबीआरच्या निर्देशकांची पुस्तिका २०१५ची. तिच्यातली मुख्य युक्ती साधी आहे. दिव्यांग व्यक्तीला जे प्रश्न विचाराल तेच त्याच परिसरातल्या दिव्यांग नसलेल्यालाही विचारा, आणि दोन उत्तरांतली फट पाहा. शाळेत जाता का, दवाखान्यात नीट वागवतात का, पैसे कसे खर्चायचे हे तुम्ही ठरवता का. सगळं गावच शाळेत जात नसेल तर तो दिव्यांगत्वाचा प्रश्न नाही, गावाचा आहे. सगळे जातात आणि एकच जात नाही, तर मात्र आपलं काम तिथे आहे. मोठ्या पाहणीसाठी ही पद्धत आहे, शेकडो माणसांच्या टक्केवारीची. आमच्या यादीत एका कार्यकर्तीकडे जेमतेम तीसेक नावं. तेवढ्यात टक्के काढले तर एक माणूस ऊसतोडीला गेला तरी तीन टक्के हलतात. म्हणून आम्ही टक्के सोडून दिले आणि घरातच तुलना करायचं ठरवलं. वहीत उभी रेघ मारली. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला बहीण.

काल घराबाहेर किती वेळा गेली? थोरली शून्य, धाकटी ‘मोजायचं कसं?’ गेल्या आठवड्यात शाळेत किती दिवस? धाकटी सहा. थोरलीचं नाव हजेरीपटावर आहे, ती शाळेत जाते वर्षातून दोन दिवस, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी, काकाच्या खांद्यावर. झेंडावंदनाचे फोटो आमच्या अहवालात ‘समावेशक शिक्षण’ या मथळ्याखाली छापलेले होते. जेवायला कुठे बसते? दोघी एकत्र, एका ताटात. इथे फट नव्हती, आणि ते लिहून ठेवणंही गरजेचं होतं. काकाच्या लग्नाला कोण गेलं? धाकटी. थोरली अज्जीबरोबर घरी. नवे कपडे मात्र दोघींना शिवलेले.

६१ भेटींत जे दिसलं नाही ते एका पानावर दिसलं. घोटा काटकोनात आणि मुलगी ओट्यावर.

हे करताना चूकही झाली. पहिल्यांदा आम्ही दोन्ही रकाने आईसमोर, दोघी मुली बसलेल्या असताना, मोठ्याने विचारत भरले. चौथ्या-पाचव्या प्रश्नाला आईचे हात थांबले. “दोघींची बरोबरी करायला आलाव व्हय?” ती म्हणाली आणि उठून आत गेली. तिचं बरोबर होतं. तेव्हापासून धाकटीबद्दल आम्ही गप्पांत, वेगळ्या दिवशी, शाळेतून वगैरे माहिती घेतो. रेघ वहीत मारायची असते, ओट्यावर नाही.

गारेगार

मग राहिलेला प्रश्न : हिला स्वतःला काय हवंय? दोन वर्षांत तो कोणी विचारला नव्हता. आईला हवं होतं की मी विड्या वळायला बसते तेव्हा हिने तासभर एकटीने नीट बसावं, आणि संडासला नेताना माझी कंबर जाऊ नये. वडिलांना ऑपरेशनबद्दल कोणीतरी नक्की सांगावं. मुलीने बराच वेळ घेऊन सांगितलं, तिला दुकानातून गारेगार स्वतः आणायचं आहे. का? “ही येताना वाटेत अर्धं खाते.” धाकटी लाजून पळाली.

कार्यकर्ती माझ्याकडे पाहत होती, हे कुठल्या चौकोनात बसवायचं म्हणून. मी म्हटलं, राहू दे, चौकोन नंतर शोधू.

उद्दिष्टाच्या पायऱ्या पाडायची एक जुनी रीत आहे, १९६८ची, किरेसुक आणि शेरमन यांची. मानसोपचारात सुरू झाली, नंतर पुनर्वसनात रुळली. वजा दोनपासून अधिक दोनपर्यंत पाच पायऱ्या आणि शून्यावर आपण जे व्हावं म्हणतो ते. आम्ही वहीत मांडलं : आज ती ओट्यावर आणि गारेगार बहीण आणते, हे वजा दोन. खुर्चीत बसून दारापर्यंत आली, वजा एक. कोणीतरी ढकलत दुकानापर्यंत नेलं पण पैसे तिनेच दिले, मागितलंही तिनेच, तर शून्य. धाकटीने एकटीने नेलं, मोठं माणूस नाही, तर अधिक एक. कोणी न ढकलता एकटी गेली, अधिक दोन. मुदत सहा महिने.

या रीतीचा खरा फायदा आकड्यात नाही. ती मांडायला बसलं की वाटेतलं सगळं आपोआप समोर येतं. घर ते दुकान अंतर फार तर ७० पावलं. पण ओटा १८ इंच उंच, तीन पायऱ्या. गल्लीत उघडं गटार, त्यावर काही नाही. खुर्ची तिच्या दुप्पट रुंद. पोटरीची शीर या यादीत कुठेच नव्हती.

खुर्चीसाठीच्या उताराचा नियम उंचीच्या एका इंचाला बारा इंच लांबी. म्हणजे १८ इंचांना १८ फूट. घराचा दर्शनी भागच १४ फूट आणि गल्ली जेमतेम बैलगाडीची. मग ओट्याच्या कडेने, भिंतीलगत, १२ फुटांचा मुरमाचा उतार केला. नियमापेक्षा चढा, ढकलायला माणूस लागणारच. म्हणजे अधिक दोन ही पायरी त्याच दिवशी बाद झाली आणि ते आम्ही वहीत तसंच लिहिलं. गटारावर काकाने शिल्लक राहिलेल्या दोन शहाबादी फरशा टाकल्या. खुर्चीचं काम सुताराने निभावलं : आत बसेल असा पाट, पुढे पाय टेकवायला फळी, दोन्ही बाजूंना तीच चादरीची गुंडाळी. ज्वारीच्या पोत्याला विटांचा ओटा केला, नाहीतर खुर्ची रिकामी झालीच नसती. मुलांच्या मापाच्या खुर्चीसाठी केंद्राच्या एडिप योजनेतून मागणी केली, ती यथावकाश आली. भेटी संध्याकाळी साडेपाचला हलवल्या. त्यासाठी कार्यकर्तीचा परतीचा प्रवास बदलावा लागला आणि तो खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकायचा यावर आमच्याच कार्यालयात महिनाभर पत्रव्यवहार झाला. त्याबद्दल न बोललेलं बरं.

ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखीव असतो. चौकशी केली तर कळलं की इथे तो मार्चअखेर सगळ्यांना सारखा वाटून टाकतात. भांडण होत नाही, हे खरं. पण उताराला, फरशीला, शाळेच्या संडासला त्यातून काही उरत नाही, हेही खरं. ज्याला जे हवं ते वेगळं असतं, आणि सारखं वाटप करायला कोणाला काही विचारावं लागत नाही. तसं आमच्या ‘साहित्य वाटप : १’मध्ये तरी काय वेगळं होतं?

चौथ्या महिन्यात ती शून्यावर आली, काकाबरोबर. दुकानदाराने पैसे काकाकडे मागितले. तिने हात पुढे केला. सहाव्या महिन्यात अधिक एक, धाकटी ढकलत, आणि ढकलण्याची मजुरी म्हणून अर्धं गारेगार पुन्हा धाकटीलाच. मग पाऊस लागला, मुरूम वाहून गेला आणि दोन महिने पुन्हा वजा एक. वहीत हे वरखाली सगळं आहे. आधीच्या पद्धतीत ते ‘समा.’ झालं असतं.

वहीच्या कडेला लिहिलेलं

दोन रकान्यांची पद्धत मग बाकी यादीला लावली. मोठ्या माणसांसाठी जाऊ, दीर, भाऊ, शेजारी. पोलिओ झालेल्या एका बाईच्या आणि तिच्या जावेच्या कमाईत फरक नव्हता, विड्या दोघी सारख्याच वळतात. पण पासबुक जावेचं जावेकडे आणि हिचं भावाकडे. तिथे व्यायामाची गरजच नव्हती.

या पद्धतीत एक धोका आहे आणि तो आम्हाला दुसऱ्या गावात दिसला. एका घरात फट सहा महिन्यांत अगदी बंद झाली, कार्यकर्ती खूश. पाहिलं तर वडिलांचा माग बंद पडला होता, घर ऊसतोडीला गेलं होतं, आणि चांगला चालणारा भाऊही शाळेतून सुटला होता. दोघेही शून्यावर, म्हणून बरोबरी. तेव्हा नुसती फट लिहायची नाही, दोन्ही बाजूंचे आकडेही लिहायचे, हे त्यानंतर वहीच्या मुखपृष्ठावरच चिकटवलं.

श्रेयाचाही प्रश्न येतो. खुर्ची योजनेची, फरशी काकाची, पाट सुताराचा. मग आमचं काय? देणगीदारांच्या अहवालात आम्ही लिहिलं की आम्ही विचारलं, मांडलं आणि पाठपुरावा केला. ते वाचायला फिकं वाटतं हे खरं. त्यांनी पुन्हा भेटींची संख्या मागितली, तीही दिली. पहिल्यापेक्षा कमी होती, कारण एकेक भेट लांबली.

आराखड्याचं कॅलेंडरही बदललं. आमचं वर्ष एप्रिल ते मार्च, शाळेचं जूनमध्ये सुरू होतं, ऊसतोडीचं दिवाळीच्या आसपास. एप्रिलमध्ये मंजुरी मागायची, ऑगस्टमध्ये पैसे, दिवाळीत घर कुलूपबंद. आता पाहणी फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकतो, म्हणजे शाळा उघडायच्या आत उतार, खुर्ची, दाखले या गोष्टींना तीन महिने मिळतात.

थोरलीचं पुढचं उद्दिष्ट शाळा आहे, झेंडावंदनाचे दोन दिवस सोडून. २०१६च्या त्याच कायद्याने अशा मुलांना ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि शिक्षिका तयार आहेत. धाकटी ढकलायला तयार आहे, पण शाळा दुकानाच्या तिप्पट लांब, म्हणून अंगणवाडीपर्यंत काका आणि पुढे वर्गातली मुलं असं ठरतंय. अडलंय ते संडासवर. शाळेच्या संडासचं दार दोन फुटांचं, खुर्ची आत जात नाही, आणि आईची कंबर शाळेत येऊ शकत नाही. दार रुंद करायचा, कमोडची खुर्ची ठेवायचा आणि त्यासाठी पाच टक्क्यांतला काही भाग वाटपाआधी बाजूला काढायचा अर्ज आई-वडिलांनी १ मेच्या ग्रामसभेसाठी दिलाय. अर्ज मराठीत आहे, खाली आईचा अंगठा नाही, सही आहे. वजा दोनची पायरी वहीत लिहून झाली आहे.